पराभव लिहिणारा सेनापती

सेनापतींची आत्मचरित्रे हा वाङ्मयप्रकार मुळातच संशयास्पद आहे. ज्याच्या हुकमाने हजारो माणसे मेली, तोच पुढे सेवानिवृत्तीच्या सावलीत बसून त्या मरणांची संगती लावू लागतो. आणि वाचकाजवळ त्याचा शब्द पडताळून पाहण्याचे साधन बहुधा नसते. ज्यूलियस सीझरने गॉलमधील मोहिमांची हकीकत तृतीयपुरुषी लिहिली. 'मी' ऐवजी 'सीझर' म्हटले की आत्मसमर्थनालाही इतिहासाचा निर्विकार स्वर येतो, हे त्याने फार पूर्वी ओळखले होते. दोन हजार वर्षांनी माँटगोमेरीला असल्या आडपडद्याची गरज वाटली नाही. १९५८ साली निघालेल्या त्याच्या आठवणींत 'मी' इतका मोठा आहे, की एल अलामीनपूर्वी त्याच जागी असलेल्या ऑकिन्लेकविषयीच्या मजकुरावरून जाहीर वाद पेटला. अपवाद थोडे. अमेरिकन यादवी युद्धातला जनरल ग्रँट घशाच्या कर्करोगाने मरत असताना लिहीत होता. १८८५ च्या जुलैमध्ये हस्तलिखित पुरे झाले आणि काही दिवसांत तो गेला. कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला आपण केला याची खंत त्याने त्यात सरळ नोंदवली आहे.

दुसरा अपवाद फील्ड मार्शल विल्यम स्लिम. त्याचे 'डिफीट इंटू व्हिक्टरी' हे पुस्तक १९५६ साली निघाले. नावातला पहिला शब्द पराभव, आणि पहिल्या खंडाचे नावही पराभवच. सैनिकी अकादम्यांतून हे पुस्तक नेतृत्वाचा पाठ म्हणून वाचले जाते, ते ठीकच आहे. पण आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांनी ते वेगळ्या कारणासाठी वाचावे असे मला वाटते. आत्मचरित्रात कबुलीचे स्थान काय, कबुली कोठवर जाते आणि कोठे थांबते, ह्या आपल्या वर्गातल्या नेहमीच्या प्रश्नांना इथे रक्तामांसाचे उदाहरण मिळते. शिवाय स्लिमच्या चौदाव्या सैन्यातले बहुसंख्य शिपाई हिंदी होते. हे पुस्तक परक्यांचे असले तरी त्यात मेलेली माणसे बरीचशी आपली आहेत.

स्लिम हा ब्रिस्टलजवळ १८९१ साली जन्मलेला, लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्याचा मुलगा. व्यापार बसला, कुटुंब बर्मिंगहॅमला आले. मुलाने काही काळ गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी ज्या थरातून येत त्या थराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. विद्यापीठात शिकत नसतानाही त्याने तिथल्या छात्रदलात प्रवेश मिळवला होता. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि ह्या कारकुनाच्या खांद्यावर अधिकाऱ्याची फीत आली. गॅलिपोलीत आणि मेसोपोटेमियात तो जखमी झाला. पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यात आला, १९२० साली गुरखा पलटणीत दाखल झाला. पगारावर भागत नसे म्हणून 'अँथनी मिल्स' ह्या टोपणनावाने मासिकांसाठी कथा लिहू लागला.

ही शेवटची गोष्ट चरित्रकार गमतीची म्हणून सांगतात. मला ती फार महत्त्वाची वाटते. प्रसंग कुठे सुरू करावा, संवाद किती ठेवावा, विनोद कुठे पेरावा, हे ज्याने पोटासाठी शिकून घेतले आहे असा माणूस पुढे ब्रह्मदेशाचे युद्ध सांगतो आहे. त्याची निवेदनशैली साधी आहे हे खरे, पण हा साधेपणा अजाण नाही. मासिकाच्या वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवण्याचा सराव त्यामागे आहे.

मार्च १९४२ मध्ये त्याला ब्रह्मदेशात कोअरचा प्रमुख म्हणून पाठवण्यात आले तेव्हा रंगून पडलेच होते. पुढचे दोन महिने म्हणजे उत्तरेकडे नऊशे मैलांची माघार. येनांजाउंगच्या तेलविहिरी स्वतःच पेटवून द्यायच्या, इरावती ओलांडायची, चिंदविन गाठायची, तिथे उरलेसुरले रणगाडे आणि गाड्या मोडून टाकायच्या आणि पावसाळा फुटण्याआधी मणिपूरच्या डोंगरात शिरायचे. पिछाडीच्या तुकड्या हिंदुस्थानच्या हद्दीत शिरताना स्लिम रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. चिंध्या झालेले, तापाने फणफणलेले शिपाई; तुकडीत मोजकी माणसे उरलेली; पण आपापल्या अधिकाऱ्यामागे रांगेने चाललेले आणि हातातले हत्यार न टाकलेले. ह्या लोकांचे स्वागत कसे झाले? भर पावसात, तंबूही नसलेल्या डोंगरउतारावर त्यांना झोपायला लावण्यात आले. इथे एरवी संयमी असणाऱ्या स्लिमच्या गद्याला धार येते.

पण त्याचा खरा रोख स्वतःकडे आहे. ह्या मोहिमेचा हिशेब मांडताना तो सैन्याची अपुरी तयारी, विमानांचा अभाव, वरिष्ठांचे अस्पष्ट हेतू ही सगळी कारणे सांगतो, आणि ती खरीही होती. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. स्लिम पुढे जाऊन म्हणतो की आपल्या स्वतःच्या सेनापतित्वात अभिमान बाळगावा असे फारसे काही नव्हते. शत्रू हलेल तसे आपण हललो, त्याला एकदाही आपल्या मर्जीने हलायला लावले नाही. सुदान-अ‍ॅबिसिनियाच्या सीमेवर गल्लाबात येथे नोव्हेंबर १९४० मध्ये फसलेल्या हल्ल्याविषयीही त्याने पुढे असेच लिहिले. दोन वाटा समोर होत्या. धाडसाची सोडून सावधपणाची घेतली, कारण आपण आपल्याच भीतीचा सल्ला ऐकला.

ह्या कबुलीचे मोल ठरवायचे तर तिच्या पुढे काय घडले ते पाहावे लागते. ऑक्टोबर १९४३ मध्ये नव्याने उभारलेल्या चौदाव्या सैन्याची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याच वर्षी आराकानात पुन्हा एकदा मार खाल्लेला होता आणि जपानी शिपाई जंगलात अजिंक्य आहे ही समजूत बराकीबराकीत पक्की झाली होती. ह्या खंडाची पाने मला युद्धवर्णनाच्या पानांहून सरस वाटतात. त्यांत तोफा जवळजवळ नाहीत. आहेत त्या गोळ्या, म्हणजे हिवतापावरच्या.

स्लिमने पहिल्यांदा मोजणी केली. जखमी म्हणून मागे न्याव्या लागणाऱ्या दर एका शिपायामागे आजारी म्हणून मागे जाणारे १२० शिपाई होते. हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण संख्याबळाच्या ८४ टक्के. म्हणजे जपान्यांनी एकही गोळी झाडली नाही तरी काही महिन्यांत सैन्य संपणार होते. मग त्याने काय केले? आजाऱ्याला शेकडो मैल मागे हिंदुस्थानात पाठवायचे आणि पाच महिने गमवायचे, त्याऐवजी आघाडीच्या काही मैल मागे उपचारकेंद्रे उघडली, तीन आठवड्यांत माणूस परत. मेपाक्रिनची पिवळी गोळी रोज घ्यायची असा हुकूम निघाला. ती घेतल्याने पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली होती, त्यामुळे शिपाई ती टाळत. स्लिमने अचानक तपासणी लावली, प्रत्येकाच्या रक्ताची परीक्षा. ज्या पलटणीत प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आले तिच्या प्रमुखाला घरी पाठवले. तीन प्रमुख गेल्यावर उरलेल्यांना अर्थ कळला, असे तो कोरडेपणाने नोंदवतो. १९४५ पर्यंत आजाराचे प्रमाण दिवसाला हजारी एकावर आले.

विमानातून रसद टाकायला छत्र्या हव्या होत्या आणि रेशीम मिळत नव्हते. कलकत्त्यातल्या तागाच्या गिरण्यांच्या मालकांना गाठून त्याने तागाच्या छत्र्या करून घेतल्या; रेशमी छत्रीला वीस पौंडांवर खर्च, हिला एका पौंडाहून जरासा जास्त. माणसाला त्यावर विसंबून उडी मारता आली नसती, पण तांदळाच्या पोत्याची तक्रार नव्हती. योग्य मार्गाने मागणी न केल्याबद्दल वरून ठपकाही आला. आघाडीवर कोणाला अर्धा शिधा मिळू लागला की स्लिम आपल्या मुख्यालयातही अर्धाच शिधा लावी. त्यामागे थोडे नाटक होते हे तो स्वतःच जाणून होता. पण भुकेला कारकून रसद लवकर पाठवतो हेही त्याला ठाऊक होते. (आपल्याकडील कार्यालयांना ही पद्धत लावून पाहावी असा मोह होतो. असो.)

स्वतःची चूक कागदावर मांडण्याची सवय आणि आजाऱ्यांचे आकडे मांडण्याची सवय ह्या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत. पराभवाचे खापर नशिबावर फोडणाऱ्याला रक्ताच्या तपासणीचे सुचत नाही. म्हणूनच स्लिमची कबुली ही केवळ लेखनातली सभ्यता नाही. ती त्याच्या नेतृत्वाचे साधन होती, आणि पुस्तकात आली ती नंतर.

१९४४ चा मार्च. जपानी पंधराव्या सैन्याचा सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन ओलांडून इम्फाळ-कोहिमावर चालून आला. बरोबर शिधा तीन आठवड्यांचा. ओझी वाहायला आणि पुढे खायला म्हणून गुरांचे कळप, त्यांतले पुष्कळसे नदीत आणि डोंगरात गेले. इम्फाळची भांडारे हाती लागतील यावर सारी भिस्त. स्लिमची योजना अशी की शत्रूला मुद्दाम इम्फाळच्या मैदानापर्यंत येऊ द्यायचे, त्याची रसदवाट लांबू द्यायची आणि मग आपल्या रणगाड्यांच्या टापूत गाठायचे. योजना यशस्वी झाली; सुमारे ८५,००० जपान्यांपैकी ३०,००० च्या आसपास मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगाने. पण स्लिम हा विजय निर्भेळ सांगत नाही. तिद्दिमच्या बाजूच्या डिव्हिजनला मागे बोलवायला आपण उशीर केला, तो म्हणतो. कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट येऊ शकेल असा अंदाज केला, आली अख्खी डिव्हिजन. ह्या दोन चुकांतून आपण वाचलो ते शिपायांच्या चिवटपणामुळे, आणि थोडेसे कोहिमासमोरच्या जपानी सेनापतीच्या, साटोच्या, मंदपणामुळे. साटोच्या मुख्यालयावर बाँब टाकायला उत्सुक असलेल्या विमानदलाला आपण थांबवले, कारण असा उपयुक्त शत्रू गमावणे परवडणारे नव्हते, हा त्याचा विनोद प्रसिद्ध आहे.

विनोद चांगला आहे. मात्र साटोच्या बाजूने पाहिले की तो घशात अडकतो. आठवडेच्या आठवडे त्याला धान्याचा दाणा पोचला नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस, मुतागुचीचा हुकूम धुडकावून, उरलेली माणसे वाचवण्यासाठी त्याने कोहिमाहून माघार घेतली. मुतागुचीने आपल्या तिन्ही डिव्हिजनच्या प्रमुखांना मोहीम चालू असताना बडतर्फ केले. साटो सैनिकी न्यायालयात उभे राहायला तयार होता, कारण तिथे त्याला बोलता आले असते. वरिष्ठांनी त्याला मानसिक रुग्ण ठरवून तो प्रश्न मिटवला. स्लिमला जी गोष्ट मंदपणा वाटली तिच्यात निदान शेवटच्या टप्प्यावर एक अवघड निर्णय होता. विजयी सेनापतीच्या आत्मचरित्रात शत्रूपक्षाच्या अवज्ञेला जागा कशी असणार?

इथून पुढे मी ह्या पुस्तकाच्या मौनांकडे वळतो. स्वतःविषयी इतका मोकळा असणारा हा लेखक सहकाऱ्यांविषयी मात्र मिटल्या ओठांचा आहे. मे १९४५ मध्ये, रंगून हाती आल्यानंतर काही दिवसांतच, त्याचा वरिष्ठ जनरल लीस याने स्लिमला चौदाव्या सैन्यावरून काढण्याचा घाट घातला. विजयी सेनापतीला विजयाच्या आठवड्यात बाजूला सारण्याचा हा प्रकार इतका अंगाशी आला की अखेर लीसलाच जावे लागले आणि त्याची जागा स्लिमला मिळाली. दुसऱ्या कोणाच्या आत्मचरित्रात ह्यावर एक झणझणीत प्रकरण आले असते. स्लिमच्या पुस्तकात ही हकीकत नाहीच. हे मौन मला आवडते. पण त्याचबरोबर ते एक गोष्ट शिकवते: हा निवेदक काय सांगायचे हे निवडतो, आणि निवडीत त्याच्या प्रतिमेला धक्का बसत नाही.

दुसरे मौन इतके देखणे नाही. इम्फाळच्या त्याच मैदानाच्या काठावर, मोइरांगला, एप्रिल १९४४ मध्ये आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. समोरासमोर दोन्हीकडे हिंदी शिपाई होते. स्लिमच्या पुस्तकात आझाद हिंद सेनेच्या वाट्याला सैन्यातल्या कुचेष्टेचे 'जिफ' हे नाव आणि तुच्छतेची काही वाक्ये येतात. त्याने त्यांचे गोडवे गावेत अशी अपेक्षा नाही. पण सिंगापूरला ज्यांच्या अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली त्या शिपायांनी पुढे काय विचार केला असेल, हा प्रश्न पराभवाचा इतका सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या माणसाला पडू नये? आणि हे सैन्य ज्या बंगालच्या आधारावर उभे होते तिथे १९४३ साली दुष्काळाने तीस लाखांच्या आसपास माणसे मेली, ही गोष्ट रसदीच्या आकड्यांत कुठे बसवायची?

तिसरी गोष्ट संगशाकची. कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांची वाट मार्च १९४४ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उखरूलजवळच्या ह्या नागा खेड्यापाशी पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने अडवली. तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. कातळ असल्यामुळे खोल खंदक खणता येत नव्हते, काटेरी तार नव्हती, पाणी संपत आले होते, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हाती पडत होती. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ही माणसे टिकली आणि इम्फाळ-कोहिमाला मोलाचे दिवस मिळाले. त्या वर्षी स्लिमने स्वतः ह्या ब्रिगेडला तसे श्रेय दिले. ह्याच झुंजीत एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला, त्यात कोहिमाकडे डिव्हिजन निघाल्याचे दिसत होते, आणि त्याच्या प्रती इम्फाळला पोचवण्यात आल्या. कोहिमाविषयीच्या चुकीची स्लिमची प्रांजळ कबुली वाचताना शेजारी हा नकाशाही ठेवावा. सेनापती आपली चूक एका वाक्यात कबूल करतो. त्या वाक्याच्या पोटात कोणत्या तरी टेकडीवरचे सहा दिवस असतात. संगशाकच्या मराठा शिपायाने पुस्तक लिहिले नाही.

मराठीत पराभवाची बखर आहे, पराभूत सेनापतीचे आत्मकथन नाही. सदाशिवरावभाऊ पानिपतावरच पडले. तिथून जीव घेऊन निसटलेल्या नाना फडणिसांचे त्रोटक आत्मवृत्त उपलब्ध आहे, पण नाना लढवय्ये नव्हते, तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते, आणि त्यांचे मन त्या मजकुरात रणनीतीपेक्षा देव, आई आणि स्वतःची वासना ह्यांच्यात गुंतलेले आहे. युद्ध हरल्याचा हिशेब मागायचा तर आपल्याला विसाव्या शतकापर्यंत यावे लागते.

आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव येथे जानेवारी १९४५ मध्ये एका हिंदी ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडचे थोरात. तिघांनाही 'डीएसओ' मिळाले. त्या वेळी हा भाग स्लिमच्या सैन्यातून वेगळा झाला होता, पण ही माणसे त्याच मुशीतली. पुढे जनरल थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. चीन आला तर काय होईल ह्याचा त्यांनी अभ्यास मांडला, १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसरावही घेतला. दिल्लीत त्याची दखल घेतली गेली नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वर्तवले होते ते बहुतांशी घडले. त्यांच्या आठवणींत ही हकीकत येते, परंतु हरलेल्या लढाईचे सेनापती ते नव्हते.

जे होते त्यांनी लिहिले. चौथ्या कोअरचे प्रमुख जनरल कौल यांचे पुस्तक १९६७ साली निघाले. सैन्याची हलाखी, साधनांची टंचाई, राजकारण्यांची घाई हे सगळे त्यात आहे, आणि ते खोटे नाही. पण स्लिम ज्या वळणावर कारणांची यादी थांबवून स्वतःकडे बोट करतो, ते वळण कौल यांच्या पुस्तकात मला सापडले नाही. दोन वर्षांनी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवींचे 'हिमालयन ब्लंडर' आले. सातव्या ब्रिगेडचे ते प्रमुख. नामका चू नदीकाठच्या वाताहतीनंतर २२ ऑक्टोबर १९६२ ला चिन्यांच्या कैदेत पडलेले. ह्या पुस्तकात राग इतका आहे की समतोल शोधणाऱ्याने तिकडे फिरकू नये. एकीकडे वर्षानुवर्षांच्या धोरणांची चिरफाड, दुसरीकडे बर्फात सुती कपड्यांवर उभ्या असलेल्या शिपायांची वर्णने. स्लिमच्या गद्यातली शिस्त इथे नाही. मात्र स्लिमला पराभव धुऊन काढायला आणखी तीन वर्षे आणि एक सैन्य मिळाले होते. दळवींच्या हाती तसे काहीच आले नाही. तिबेटातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत, नोव्हेंबरच्या एका गोठवणाऱ्या रात्री एका चिनी अधिकाऱ्याने त्यांना उठवून युद्धबंदीची बातमी दिली. पुस्तकाचा जन्म त्या रात्री झाला, असे ते सांगतात.